बोर्डोची बाटली

गहिनीनाथच्या काचेच्या कपाटात फ्रान्समधल्या बोर्डोची वाइन आली आणि आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत त्याचा भाव वधारला. "बोटीवरच्या मेव्हण्यानं हुडकून आनली. नाव लई मोठं, पैसं कमी," असं तो येईल त्याला ऐकवायचा. मी आतून नुसता जळायचो. दिवाळीला साहेबांबरोबर ती संपवली म्हणाला, तेव्हा तर मी भरल्या ताटावरनं उठलो.

मी तडक नगर गाठलं. कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून तसलीच रिकामी बाटली आणली, त्यात कोरा चहा भरला, बुचावर लाख लावली आणि गहिनीनाथला जोडीनं घरी बोलावलं.

"ही बी बोर्डोचीच. तुमच्यापेक्षा स्वस्तात पडली," मी म्हणालो.

त्यानं बाटली उजेडात धरून बराच वेळ फिरवली. मग जपून टेबलावर ठेवली. मला वर्षभरात पहिल्यांदा गार वाटलं.

निघताना मला दाराआड घेऊन तो हळूच म्हणाला,

"चहात साखर न्हाई ना घातली? आमच्या बाटलीला मुंग्या लागल्या, म्हनून तर साहेबांबरोबर प्यालो म्हनावं लागलं."