ओतायची वेळ

“साहेब, रस गार व्हायला लागलाय. ओतू, का परत भट्टीत टाकू?”

मेस्त्रीनं विचारलं, तेव्हा सल्लागारानं मागे वळून पाहिलं. साहेब बहुधा मागे उभे असावेत. मागे भिंत होती. प्रश्न त्यालाच होता.

समोर दोन कामगार लांब दांडा दोन्ही टोकांना धरून उभे होते. दांड्याच्या मधोमध बादलीएवढं भांडं, भांड्यात वितळलेलं लोखंड, पिवळंजर्द. पुढ्यात पंपांचे वाळूचे साचे तोंड उघडून वाट बघत बसलेले.

सल्लागाराला कारखाने नवे नव्हते. अकरा वर्षांत त्यानं त्रेसष्ट कारखान्यांना शहाणपण शिकवलं होतं. सोमवारी विमानानं जायचं, शुक्रवारी परतायचं, मध्ये जाडजूड अहवाल द्यायचा. अहवालाच्या शेवटच्या पानावर वाक्य ठरलेलं: नव्वद दिवसांत सगळं सुरळीत होईल. एक्याण्णवाव्या दिवशी हा पठ्ठ्या दुसऱ्याच गावी दुसऱ्याच कुणाला नव्वद दिवस देत असे. या कारखान्यालाही दोन वर्षांपूर्वी देऊन गेला होता. कामगार त्याला ‘नव्वद दिवस’ म्हणूनच ओळखत.

ही भटकंती सोडायची आणि एखाद्या कारखान्यात ठाण मांडून बसायचं, असं तो सात वर्षं म्हणत होता. फक्त केव्हा, एवढंच ठरत नव्हतं. त्यासाठी त्यानं तक्ता केला होता. अठ्ठेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीला गुण, गुणांना रंग. बढतीआधी सोडावं तर बढती हुकते. बढतीनंतर सोडावं तर मिळालेली बढती वाया जाते. हिरवा म्हणजे सोड, लाल म्हणजे राहा. सात वर्षं तक्ता पिवळाच होता. पिवळा म्हणजे विचार चालू आहे. याच रंगावर त्याच्या कंपनीनं सात मजली इमारत बांधली होती.

आणि मग या कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. कारखाना सांभाळायला माणूस हवाय, येता का?

कारखाना घरापासून वीस मिनिटांवर. म्हणजे रोज साडेसहाला घरी. बायकोनं ते ऐकून घेतलं. आज सकाळी तो दाढी करत असताना ती स्टुलावर चढली आणि त्याची चाकांची बॅग तिनं कपाटावर टाकून दिली. अकरा वर्षं ती बॅग दाराशीच उभी असायची. “आत कशाला आणतोस? उगाच तिला घराची सवय लागेल,” असं बायकोच म्हणायची. शनिवार-रविवारी मुलगी त्या बॅगेवर बसून बूट घालायची.

“आता मी कशावर बसू?” मुलीनं विचारलं होतं.

“खाली बस,” आई म्हणाली होती. आणि चक्क हसली होती.

मालकीणबाई सत्तरीच्या. त्यांनी ना प्रमाणपत्रं पाहिली, ना मुलाखत घेतली. “मेस्त्री, आज हे साहेब सांगतील तसं करा,” म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

“साहेब?” मेस्त्रीनं पुन्हा विचारलं.

“प्रश्न चांगला आहे,” सल्लागार म्हणाला. “याला तसे तीन पर्याय आहेत.”

“दोनच आहेत की. ओतायचं, नाहीतर परत टाकायचं.”

“तिसरा म्हणजे थोडं थांबून, सगळ्या बाजूंनी—”

“थांबू की,” पुढचा कामगार म्हणाला. “तेवढं दांड्याचं एक टोक धरा, साहेब.”

मागचा फिसकन हसला. सल्लागारानं ते ऐकलंच नाही. पहिल्या पर्यायाचे त्यानं चार फायदे सांगितले, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून चार तोटेही सांगितले. दुसऱ्याला फळा लागत होता. फळा नव्हता. मग तो उकिडवा बसला आणि साच्याशेजारच्या वाळूत बोटानं चार घरांचा चौकोन काढू लागला.

तक्त्यातला पिवळा सात वर्षं टिकला होता. भांड्यातला सात मिनिटंही टिकला नाही. नारिंगी झाला, तांबडा झाला, आणि तिसऱ्या पर्यायाच्या दुसऱ्या फायद्यापाशी काळाठिक्कर पडला.

मेस्त्रीनं सळईनं ठोकून पाहिलं. ठण्ण वाजलं.

“ठेवा रे खाली,” तो म्हणाला. “त्याचं त्यानंच ठरवलं.”

मालकीणबाई उठून आल्या. सल्लागारानं हात झटकले. “बाई, माहिती जरा अपुरी पडली. बरोबर उत्तर कुठलं होतं?”

“कुठलंही,” मालकीणबाई म्हणाल्या. “‘ओत’ म्हणाला असतात तरी नेमलं असतं तुम्हाला. ‘परत टाक’ म्हणाला असतात तरी नेमलं असतं.” मग त्या मेस्त्रीकडे वळल्या. “मेस्त्री, उद्यापासून कारखाना तुम्हीच बघा.”

“बरं,” मेस्त्री म्हणाला. एवढ्या मोठ्या निर्णयाला त्याला दोन अक्षरं पुरली.

बरोबर साडेसहाला सल्लागार घरी पोचला. मुलगी दाराशी जमिनीवर बसून बूट काढत होती. बायको बाहेर आली.

“काय ठरलं?”

“तसे अजून तीन पर्याय आहेत,” तो म्हणाला. “पहिला म्हणजे—”

तो दुसऱ्यावर आला, तेव्हा बॅग दाराशी उभी होती, आणि मुलगी तिच्यावर बसून बुटाची नाडी सोडत होती.