गौरी गेल्या की येतो

"फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात रे. बंद ठेवू का?" कालिंदीकाकूंनी फोनवर विचारलं, तेव्हा मी शिडीवर चढून गणपती मंडळाच्या माळा लावत होतो. सणाच्या दिवसांत वायरमनला दहा घरांतून बोलावणं असतं.

"अर्थिंग गेलं असेल. बंद कशाला, दूध नासेल. रबरी चप्पल घालूनच उघडत जा. गौरी गेल्या की येतो," मी म्हणालो. हा सल्ला मी कितीतरी घरांत दिला होता आणि कुणाला काही झालं नव्हतं.

काकूंनी तो तंतोतंत पाळला. निळ्या स्लिपर फ्रीजसमोरच ठेवल्या. काकांनाही त्या घातल्याशिवाय दार उघडू देत नव्हत्या.

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. धावत गेलो. शेजाऱ्यांनी मेन स्विच बंद केला होता. काकू फ्रीजपाशी पडल्या होत्या, शेजारी दह्याचं भांडं उपडं झालेलं. पाय ओले, अनवाणी. शेजाऱ्यांनी बोलावलेल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि चादर मागितली.

"काकूंची चप्पल कुठाय?" मी विचारलं. दुसऱ्या कुणाची तरी चूक निघावी म्हणूनच विचारलं असेन.

काकांनी उंबऱ्याबाहेर बोट दाखवलं. निळ्या स्लिपर तिथे नीट जोडून ठेवल्या होत्या.

"गौरी जेवायच्या होत्या आज," काका म्हणाले. "त्यांच्यासमोर चप्पल घालून कशी वावरेल ती?"

मी माझ्या पायांकडे पाहिलं. आमच्याही घरी गौरी होत्या. सकाळपासून मीही अनवाणीच होतो.