संघाचा डिंक

लढाईच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा ग्रंथपाल वृंदाबाई केळुस्करांनी सभासदांकडची सगळी पुस्तकं परत मागवली. वाचनालयात ती सुरक्षित राहतील, असं त्यांना वाटलं. पुढच्याच आठवड्यात बॉम्ब पडला आणि वाचनालय जळून गेलं.

आज ग्रंथपाल संघाचे आढाव त्या जळक्या इमारतीपाशी एक छोटं यंत्र घेऊन आले होते. संघाने चार वर्षांपूर्वी पुस्तकांत तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायला खास डिंक दिला होता. त्यात मिसळलेल्या कृत्रिम डीएनएत वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांचा मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला होता, आणि यंत्र तो वाचू शकत होतं.

"एकच चिठ्ठी पुरे, बाई. एखादं पुस्तक बाहेर असेल ना?" आढावांनी विचारलं.

"सगळी मीच गोळा केली हो," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात निवृत्त पोस्टमन तांडेल मान खाली घालून आले. हातात जाडजूड कादंबरी होती.

"तुमची नोटीस मिळाली होती, बाई. पण शेवटची पन्नास पानं राहिली होती."

आढावांनी चिठ्ठीचा कोपरा खरवडून यंत्रात टाकला. पडद्यावर पुस्तकांची नावं सरकू लागली, ती थांबेचनात. बाई जळक्या पायरीवर मटकन बसल्या आणि डोळे पुसत हसल्या.

तांडेलांनी पुस्तक पुढे केलं. बाईंनी ते त्यांच्याच हातात परत दिलं.

"घरी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश वाचा."