चौथी राळ

राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत नंदिनी तिच्याहून उंच, व्हायोलिनच्या जातीचं डबल बास वाजवायची. गजाला लावलेल्या राळेची भुकटी उडाली, की तिच्या दमेकरी नवऱ्याला, यज्ञेश्वरला, खोकल्याची ढास लागायची. रविवारी पुण्याच्या वाद्यवृंदासाठी निवड होती. तीन राळा तिनं बदलून पाहिल्या. गज ओढताना तिचा कान सुराकडे नसायचाच, आतल्या खोलीतल्या खोकल्याकडे असायचा.

आज तिनं चौथी राळ लावली. सबंध धून वाजवून झाली, तरी खोकला आला नाही.

"अहो, सापडली की!" म्हणत ती आत धावली.

यज्ञेश्वर तोंडावर उशी दाबून बसला होता. डोळे लालबुंद, घळाघळा वाहणारे.

"हीच बरी हाय की," तो धापा टाकत म्हणाला. "थांबलीस कशाला?"