सरांचा एक मार्क

"मला मार्क वाढवून नकोय, मॅडम," मावशी म्हणाल्या. "सरांचा एक कापा."

कॅल्क्युलसच्या सरांच्या हाताखाली पेपर तपासणाऱ्या धाकट्या मॅडमचं लाल पेन हवेतच राहिलं. सकाळपासून त्यांच्या टेबलासमोर रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाला मार्क वाढवूनच हवे होते. कुणाचं अक्षर त्यांना लागलं नव्हतं म्हणे, कुणाचं उत्तर मनात बरोबर होतं, फक्त कागदावर उतरताना बिघडलं. कॅल्क्युलसच्या पहिल्या पेपरानंतर हे दरवर्षीचंच. मार्क कमी करून मागणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही दुसऱ्याचे.

मावशी गोदीत क्रेन चालवत. वय पंचेचाळीस. वर्गातली अठरा वर्षांची मुलं त्यांना मावशी म्हणत, म्हणून सगळं कॉलेजच म्हणे. त्यांनी टेबलावर दोन पेपर शेजारीशेजारी ठेवले होते. एक त्यांचा, शंभरपैकी एकोणचाळीस. दुसरा सरांचा, शंभरपैकी शंभर. तो त्यांनी दारावरून टाचण्या काढून आणला होता.

सरांची ही जुनी खोड. परीक्षेत स्वतः शेवटच्या बाकावर बसून मुलांबरोबर पेपर सोडवायचा, धाकट्या मॅडमकडून तपासून घ्यायचा आणि दारावर लावायचा. आपल्याला वेळेत जमत नाही ते मुलांना विचारू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. नियमही सगळ्यांना सारखे, आणि पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दिलेले. त्यातला सर्वांत नावडता नियम असा की इंटिग्रेशनच्या उत्तराच्या शेवटी 'अधिक सी', म्हणजे तो स्थिरांक, लिहायला विसरलात की एक मार्क गेला. मग रडारड चालणार नाही.

सहाव्या प्रश्नात मावशी विसरल्या होत्या. त्यांचा मार्क गेला होता. सहाव्या प्रश्नात सरही विसरले होते. तिथे बरोबरची खूण होती, चांगली ठसठशीत.

धाकट्या मॅडमचे कान तापले. सरांचा पेपर त्यांनी वाचलाच नव्हता. सरांचा म्हटल्यावर त्या नुसत्या खुणा करत सुटल्या होत्या. पण चूक निस्तरायची सोपी वाट समोरच होती. मावशींना तो एक मार्क देऊन टाकायचा. चाळीसला पास. गोदीच्याच डिझाइन ऑफिसच्या प्रशिक्षणाचा अर्ज दहा तारखेपर्यंत भरायचा होता, त्याला कॅल्क्युलस पास लागत होतं, आणि फेरपरीक्षा होती वीस तारखेला. मावशी क्रेनवरून उतरून या वर्गात येऊन बसल्या त्या या अर्जासाठीच.

त्यांनी पेन मावशींच्या पेपरकडे नेलं. मावशींनी पेपरवर हात ठेवला.

"मी विसरले, माझा गेला. यांचा राहिला कसा, तेवढं सांगा."

तेवढ्यात सरच आत आले. मॅडमनी चाचरत सगळं सांगितलं. सरांनी उभ्याउभ्याच सहावा प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि पेपर मॅडमपुढे सरकवला. मॅडमनी शंभर खोडून नव्याण्णव लिहिलं. मग सर मावशींकडे वळले. हा पेपर दाखवून तुम्ही तुमचा मार्क मागितला असता तर आम्हाला नाही म्हणता आलं नसतं, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. वर्ष वाया जाईल तुमचं, असंही म्हणाले.

"जाईल," मावशी म्हणाल्या. "पण सर, मी वर क्रेन चालवत असते तेव्हा खालची माणसं मान वर करून बघत नाहीत. आपापलं काम करत असतात. त्यांना माहीत असतं, वर बसलेली बाई 'चालतंय' म्हणणारी नाही. ती माणसं एकदा वर बघायला लागली, की मी तिथे बसून काय उपयोग?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि कामाची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

धाकट्या मॅडमनी कुणी न सांगता पेपरांचा गठ्ठा सोडला. सरांच्या पेपरावर डोळे मिटून खुणा केल्या, तर आणखी कुठेकुठे केल्या असतील कुणास ठाऊक. सरांनी खुर्ची ओढली आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे घेतला. चार वाजेपर्यंत शंभरावर पेपर पुन्हा तपासून झाले. दोघांचे मार्क वाढले, तिघांचे कमी झाले. सकाळी रांगेत सर्वांत जास्त भांडलेला मुलगा त्या तिघांतच निघाला.

मावशींचा पेपर मात्र तसाच पडून होता. तुम्ही बघा, असं मॅडम सरांना म्हणाल्या. सर म्हणाले, नको, तुम्हीच बघा. दोघांनाही त्यात एक मार्क सापडायला हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि म्हणूनच दोघांनाही स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. शेवटी सरांनी नावाचा कोपरा दुमडून टाचला आणि पेपर खालच्या मजल्यावरच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे नेऊन दिला. त्यांनी मावशींना कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

अर्ध्या तासाने पेपर परत आला. एकोणचाळीस.

मग मॅडमनी फोन लावला. पलीकडे गोदीतला गलका ऐकू येत होता. पेपर पुन्हा तपासून घेतला, दुसऱ्या सरांकडून घेतला, तरी तेवढेच आहेत, असं मॅडमनी सांगितलं. या बाईसारखं आपल्याला कधी वागता येईल का, हेच त्यांच्या मनात घोळत होतं.

"बरं," मावशी म्हणाल्या. "मग वीस तारखेला येते मी. सरांनाही यायला सांगा. त्यांचाही एक राहिलाय."