बोगद्याचा धोका

कोलशेतपासून खाडीखालून पलीकडच्या काल्हेरला रेल्वेचा बोगदा काढता येईल का, हे तपासायला सरकारने इंजिनीअर बेहेऱ्यांना पाठवलं, ते साल छप्पन्न. हिवाळाभर खाडीच्या तळाची माती तपासून शेवटी त्यांनी काल्हेरच्या देवळापुढे गावकऱ्यांना गोळा केलं.

"तळ भुसभुशीत आहे. लाखात एखादा माणूस दगावू शकतो. एवढी जोखीम सरकार घेणार नाही," त्यांनी सांगितलं.

"मंग सायेब, आमी पल्याड जायाचा कसा?" कमळाबाईने विचारलं. तिचा मुलगा कोलशेतच्या कारखान्यात कामाला होता.

"आजवर जाता तसंच जा, बाई. माणसाच्या जिवाशी खेळ नको."

आपल्या हातून केवढं पाप टळलं, या समाधानात बेहेरे परतीच्या होडीत चढले. मुलाचा डबा घेऊन कमळाबाईही त्यांच्या शेजारी दाटीवाटीने बसली. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि बेहेऱ्यांच्या बुटांत पाणी शिरलं. ते दचकून उठू लागले, तशी कमळाबाईने त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि होडीतलं एक रिकामं डबडं त्यांच्या हातात दिलं.

"पानी उपसा सायेब, भराभर. माजा घरवाला इथंच गेला."