पुढची सीट

जळकोट ओलांडल्यावर भर दुपारी जैनोद्दीनची जुनी मोटार बंद पडली. हँडल मारून मारून तो घामाघूम झाला.

"सकिना, तू जरा मागं बस."

लग्नाला महिनाच झालेली सकिनाबी पुढच्या सीटवरून हलेना. "का? तुमच्या पहिल्या बायकोची, हसीनाबीची जागा म्हणून? घरात सगळं तिचंच. मेली तरी एवढी सीटसुद्धा सोडंना व्हय ती?"

"बस म्हणलं ना."

ती फणकारत मागं गेली. एकाच हँडलला इंजिन लागलं.

ती हट्टानं परत पुढं येऊन बसली.

इंजिन बंद.

मागं गेली.

चालू.

मोटार निघाली. पुढची रिकामी सीट कुणी टेकल्यासारखी दबली. रस्त्यावरची नजर न काढता जैनोद्दीननं मायेनं विचारलं, "ऊन लागतंय का?"

"न्हाय," सकिनाबी मागून म्हणाली.

"तुला न्हाय विचारलं."